थॉर्नल साहेबांचा वंशवृक्ष

थॉर्नल साहेबांच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम एक हातोडी असे. वीतभर दांडा, आणि तोंड झिजून सुपारीसारखं गुळगुळीत झालेलं. मंगळवार बाजारात कलिंगड घ्यायला आले की ती बाहेर निघायची. मान तिरकी करून, कान फळाजवळ नेऊन ते हलकेच ठोकत आणि माळणीला गंभीरपणे सांगत, "ह्ये बद्द वाजतंय. दुसरं दाव." माळीण वैतागायची. साहेबाला फळ न्यायचं नाही, नुसतं फोडून जायचं आहे, असं ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. साहेब तिचं बोलणं संपेपर्यंत थांबत आणि पुढचं कलिंगड ठोकत.

कलिंगडाचं एक वेळ ठीक होतं. पण ते माठ ठोकत, दाराची चौकट ठोकत, चर्चमधला बाक बसण्याआधी ठोकून पाहत. त्यांच्या लेखी जगात दोनच जातीच्या वस्तू होत्या, खणखणीत आणि बद्द. माणसांनाही तोच न्याय. आमच्या कचेरीचा हेडक्लार्क बद्द, पाद्रीबाबाचं प्रवचन बद्द, जेऊरच्या रेल्वे गँगचा म्हातारा मुकादम मात्र खणखणीत. मी कुठल्या खान्यात होतो ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारण्याची माझी छाती झाली नाही.

साहेब रेल्वेत रूळ तपासणारे इन्स्पेक्टर होते. सोलापूरपासून माढा, जेऊरपर्यंतच्या लाइनीवर त्यांची सारी नोकरी गेली. पुढं गँगमन, मागं ट्रॉली, आणि हे आपले पायी, प्रत्येक जोडावर हातोडी ठोकत. मराठी ते गँगच्या लोकांकडूनच शिकले होते. त्यामुळं डोक्यावर सोला हॅट, निळसर डोळे, गव्हाळ रंग, आणि तोंड उघडलं की थेट माढ्याकडचा गडी बोलावा तसं बोलणं. त्यांना पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास मागं वळून पाही की बोललं कोण.

आई इंग्रज नाही आणि बाप पुरता नेटिव नाही, अशा लोकांची रेल्वे कॉलनीत त्या काळी बरीच घरं होती. पण त्यांच्यातही साहेब फारसे मिसळत नसत. विलायतेहून आलेले अधिकारी त्यांना क्लबात नाताळापुरतं बोलावत. गावातल्या लोकांना ते साहेब वाटत आणि विलायती साहेबांना ते गावचे वाटत. बायको कधीच वारली होती, सोलापुरातच पुरली होती. एक मुलगी होती, मेबल. ती विलायतेत होती. कॉलनीच्या टोकाला भाड्याच्या बैठ्या बंगल्यात साहेब, काही कोंबड्या आणि एक घड्याळ असे राहत. घड्याळ पाच मिनिटं पुढं असायचं, कारण रेल्वेच्या माणसानं गाडीच्या आधी पोचलं पाहिजे.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या अक्षरामुळं. इंजिनियरच्या कचेरीत मी ट्रेसर होतो. मोठ्या लोकांनी कागदावर काढलेले पूल आणि मोऱ्या ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं गिरवायच्या, एवढंच माझं काम. पहिलं महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली असतील. एके दिवशी साहेब कचेरीत आले आणि सुबक इंग्रजी अक्षर कोण काढतो म्हणून विचारू लागले. सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. त्यांनी माझ्या टेबलावर हातोडीनं एकदा ठोकलं आणि रविवारी घरी यायला सांगितलं.

मला वाटलं, असेल एखादी विहीर नाहीतर घराचा नकाशा. पण त्यांनी उलगडला तो वंशवृक्ष होता. सर्वांत वर नाव होतं सर ह्यू थॉर्नल. आपल्याकडं शिवकाळ चालू होता त्या सुमारास हा गृहस्थ तिकडच्या एका खेड्यात जमीनदार होता. तिकडं राजा आणि पार्लमेंट यांची लढाई जुंपली, तेव्हा हा राजाच्या बाजूनं गेला आणि निम्मी जमीन गमावून बसला. गावच्या चर्चमध्ये त्याची दगडी मूर्ती आहे. हात जोडून उताणा झोपलेला, पायाशी कुत्रं, आणि नाक मोडलेलं. त्या मूर्तीचं चित्र असलेलं एक कार्ड साहेबांनी बायकोच्या फोटोशेजारी टांगलं होतं. एवढा मोठा माणूस आणि नाक असं कसं, असं मी विचारलं, तर म्हणाले की नाक कुणाचं बी मोडतं, कुत्रं मात्र शाबूत हाय बग.

त्या ह्यूपासून खाली उतरत स्वतःपर्यंत पोचायचं, हा साहेबांचा उद्योग होता. पेन्शनीतले लोक बागा करतात, पत्ते खेळतात. हे तिकडच्या पाद्र्यांना पत्रं लिहीत. अमक्याचा बाप्तिस्मा तुमच्या गावात झाला का, तमक्याचं लग्न कुणाशी लागलं, तमका कुठं पुरला. उत्तर बोटीनं यायचं. ते आलं की रविवारी मला बोलावणं. प्रत्येक पिढी म्हणजे त्यांना एक स्टेशन, आणि बाप-लेकाच्या मधली रेघ म्हणजे दोन रुळांचा जोड. पुरावा हाती आला की रेघ शाईची, नाही तोवर पेन्सिलीची. मी कधी कंटाळून म्हणायचो की साहेब, एवढं तर उघड दिसतंय, ओढून टाकू का रेघ? ते मान हलवायचे. "जोड ठोकल्याबिगर गाडी फुडं न्यायची न्हाय, इराण्णा." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की घरी बायको पोळी फुगण्याआधी उलटायला लागली की माझ्याही तोंडातून तेच बाहेर पडायचं.

हा नाद नुसता हौसेचा असता तर मी चार रविवार जाऊन पाचव्याला पोट दुखतंय म्हणून सांगितलं असतं. पण एकदा स्टोव्हवर चहाचं आधण ठेवता ठेवता, माझ्याकडं पाठ करून, त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. मेबल नर्सिंग शिकायला विलायतेला गेली आणि तिथंच एका इंग्रजाशी तिनं लग्न केलं. रंगानं ती आईवर गेली होती, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. साहेब तिला पत्र लिहीत ते तिच्या एका मैत्रिणीच्या पत्त्यावर. घरी लिहायचं नाही, अशी तिची ताकीद होती.

"तिनं सासरी सांगितलंय, बाप मेला म्हणून," साहेब म्हणाले, आणि चहाची पूड मोजून टाकली.

 मग चहा गाळता गाळता पुढचं सांगू लागले. सर ह्यूच्या घराण्यातली एक म्हातारी कुमारिका, मिस थॉर्नल, तिकडं साऱ्या वंशजांचं पुस्तक काढत होती. ज्याचा जोड सिद्ध होईल त्याचं नाव छापायचं. त्यात आपलं नाव आलं की मेबलला बाप लपवायचं कारण उरणार नाही. उलट ती पुस्तक बैठकीत टेबलावर ठेवील आणि आल्यागेल्याला दाखवील, असं त्यांचं गणित होतं. म्हणजे तीनशे वर्षांमागचा तो मोडक्या नाकाचा जमीनदार साहेबांना हवा होता तो स्वतःसाठी नव्हे. आपण जिवंत आहोत हे स्वतःच्या लेकीच्या घरात कळावं, यासाठी हवा होता.

वरचे सगळे जोड एकेक करत शाईचे झाले. अडलं ते खाली, आपल्या सोलापुरात. साहेबांचे आजोबा, कॅप्टन एडमंड थॉर्नल, इथल्या छावणीत होते आणि इथंच पटकीनं गेले. त्यांचा मुलगा रॉबर्ट, म्हणजे साहेबांचे वडील. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव होतं आणि आईच्या जागी 'नेटिव बाई' एवढंच. लग्नाची नोंद कुठंच नाही. कॅप्टन गेल्यावर त्या पोराला उचलून पुण्याच्या अनाथ शाळेत पाठवलं. आई इथंच राहिली. तिचं पुढं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही. तिला आपण 'अव्वा', म्हणजे कानडीत आई, म्हणत होतो, एवढंच वडिलांच्या ध्यानात राहिलं होतं. दरसाल सुगी झाली की ते दाराच्या चौकटीला हळदीचं बोट लावत आणि मग कोट चढवून चर्चला जात. का लावता, असं साहेबांनी लहानपणी विचारलं, तर म्हणाले होते की अव्वा लावायची.

त्या जागी मी पेन्सिलीनं एक पोकळ चौकट काढून ठेवली होती. रविवारमागून रविवार ती तशीच राहिली.

मग मला मुलगा झाला आणि त्या निमित्तानं आमचा हेळवी आला. अक्कलकोटाकडं हेळवी सगळ्यांना माहीत, इतरांसाठी सांगतो. आमच्या भागात घराण्याची वंशावळ हेळव्याच्या तोंडी असते. सुगी संपली की तो बैलावर बसून गावोगाव फिरतो, आपल्या घरांच्या पिढ्या म्हणून दाखवतो, नव्या जन्मलेल्यांची भर घालतो आणि जोंधळा घेऊन जातो. त्याची एक रीत आहे. दारासमोर आला तरी तो बैलावरून उतरत नाही. वरूनच हाक देतो की घरचं कुणी आहे का. घरातल्या माणसानं उंबऱ्यात येऊन 'हाय' म्हटलं तरच तो खाली उतरायचा. उत्तर आलं नाही तर बैल वळवून निघून जायचं, आणि त्या घराचं नाव पुन्हा घ्यायचं नाही.

आमचा सिद्राम हेळवी थेट सोलापुरात माझ्या खोलीपर्यंत आला, तेव्हा योगायोगानं साहेब बाळंतिणीसाठी अंडी घेऊन आले होते. आमच्या घरात अंडी चालत नाहीत हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांना सांगायचं कसं या विवंचनेत मी होतो. तेवढ्यात बाहेर घंटा वाजली. माझे वडील गावाहून आले होते, ते उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. सिद्रामनं हाक दिली, वडिलांनी 'हाय' म्हटलं, आणि तो उतरून आमच्या मूळ पुरुषापासून सुरू झाला. साहेब हॅट काढून उभे होते. शेवटी माझ्या महिन्याभराच्या पोराचं नाव आलं तेव्हा त्यांच्या हातातली अंड्यांची टोपली वाकडी झाली होती.

सिद्रामनं पाणी प्यायल्यावर साहेबांनी त्याला विचारलं, माझं घर घेशील का? सिद्रामला त्यात काही वावगं वाटलं नाही. जोंधळा देणारं घर असलं की झालं. त्यानं कूळ विचारलं, मूळ गाव विचारलं, आणि साहेब सर ह्यूपासून एकेक नाव सांगू लागले. सिद्राम प्रत्येक नाव दोनदा घोळून आपल्या जिभेला बसेल तसं करून घेई. सर ह्यूचा त्यानं हिवाप्पा केला. साहेबांनी ते खुशाल चालवून घेतलं. कॅप्टनपाशी आल्यावर सिद्रामनं विचारलं की याची बायको कुठली, माहेर कुठलं, देव कुठला. साहेबांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी ते हळदीचं सांगितलं. भंडारा लावायची म्हणजे धनगराची लेक असावी, असं सिद्राम म्हणाला. त्याच्या भाऊबंदांकडं धनगरांच्या घरांच्या वंशावळी होत्या. विचारून येतो म्हणाला.

ते वर्ष साहेबांनी कसं काढलं ते मी पाहिलं आहे. आजीचं नाव हाती लागलं की लग्नाचाही काही पुरावा सापडेल, मग पुस्तक, मग मेबल. त्यांनी बंगल्यातली रिकामी खोली चुना लावून घेतली.  

पुढच्या सुगीला सिद्राम त्यांच्या दाराशी आला. साहेब कोट घालून, टाय बांधून उंबऱ्यात उभे होते. हाक आली तसं त्यांनी असं 'हाय' म्हटलं की कोंबड्या उडाल्या. पण सिद्रामनं आणलं ते अर्धंच होतं. दक्षिणेकडच्या एका गावात एका धनगराच्या घरची लेक दुष्काळात इथल्या छावणीत, कॅम्पात गेली आणि परत आली नाही, असं जुनी माणसं सांगत होती. तिच्या भावांची नावं त्याच्या भाऊबंदाला पाठ होती. तिचं नव्हतं. तीच ती कशावरून, हेही तो छातीवर हात ठेवून सांगेना.

"आमी लेकींची नावं घेत न्हाय, सायेब," सिद्राम म्हणाला. "लेक दुसऱ्याच्या घरची. आन तुमाला बी लेकच. तुमच्या माघारी हाक दिली तर हाय कोन म्हननार?"

तो वाईट मनानं बोलला नव्हता. त्याच्या धंद्यातली ती साधी अडचण होती. साहेबांनी त्याला जोंधळा दिला, वर एक धोतरजोडी दिली, आणि मी हाय तवर येत जा म्हणून सांगितलं. तो गेल्यावर ते पायरीवर बसले.

"पाद्र्यानं तिला लिवलं न्हाय, हेळव्यानं बी घेतलं न्हाय," ते म्हणाले. "दोगांचा बी जोड एकाच जागी तुटलाय बग."

त्यानंतर थोड्याच दिवसांत विलायतेहून एकाच टपालात दोन पत्रं आली. एक मिस थॉर्नलचं. बाई दयाळू असावी. तिनं लिहिलं होतं की हिंदुस्थानातल्या छावण्यांचे कागद हरवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा कॅप्टनची बायको मेरी नावाची इंग्रज बाई होती आणि ती लवकर वारली, एवढं तुम्ही लिहून द्या, मी अधिक विचारणार नाही. दुसरं मेबलचं होतं. नाताळ नसताना आलेलं तिचं ते पहिलंच पत्र. पुस्तकाचं साहेबांनी तिला कळवलं होतं, आणि तिनं परस्पर मिस थॉर्नलला विचारून घेतलं होतं. तिनं लिहिलं होतं की डॅडी, मेरी लिहा. पुस्तक निघालं की मी नवऱ्याला सगळं सांगेन. पुढच्या थंडीत आम्ही दोघं तिकडं येऊ.

रविवारी मी गेलो तेव्हा साहेबांनी दाढी घोटून केली होती. मला म्हणाले, लिव. मी पोकळ चौकटीत शाईनं 'मेरी' असं सुरेख अक्षर काढलं आणि खाली-वर रेघा पक्क्या केल्या. तीनशे वर्षांची लाइन सर ह्यूपासून मेबलपर्यंत एकसंध झाली. मी पेन पुसून ठेवलं. मनात म्हटलं, सुटलो.

साहेब कापडाकडं पाहत बसले. मग खिशातून हातोडी निघाली. त्या नावाशेजारी टेबलावर त्यांनी हलकेच ठोकलं. पुन्हा ठोकलं. टेबल तेच होतं आणि आवाजही नेहमीचाच होता, मी ते त्यांना सांगितलंही.

"बद्द वाजतंय," ते म्हणाले.

मी त्यांच्याशी भांडलो. आयुष्यात वरच्या माणसाशी मी एवढा कधी भांडलो नसेन. म्हटलं, कुणाचं नुकसान होणार आहे? तुमची आजी जाऊन किती काळ लोटला, तिचं नाव कुणालाच माहीत नाही, आणि तुमची लेक जिवंत आहे, येते म्हणतेय. एका नावाचा प्रश्न आहे, साहेब. ते शांतपणे ऐकत होते, माळणीचं ऐकत तसेच.

"लेकीनं मला मेला म्हटलं," ते म्हणाले. "आता मी अव्वाला मेरी म्हनू व्हय?"

मी ब्लेड काढलं. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई ब्लेडनं खरवडावी लागते. मी मेरीला खरवडलं, वर शंखजिऱ्याची पूड चोळली आणि विचारलं की काय लिहू. नाव ठाऊक न्हाय, म्हणाले. बाप अव्वा म्हणायचा, तेच लिव. मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'अव्वा, धनगराची लेक, सोलापूर'. खरवडल्या जागी शाई जरा फुटली. साहेबांनी त्यावर पुन्हा ठोकून पाहिलं नाही. तसंच गुंडाळून, आपल्या हातानं नळीत घालून, त्यांनी ते विलायतेला धाडलं. माझ्याकडून एक प्रत मात्र ठेवून घेतली.

पुस्तक आलं ते सोलापुरात लष्करी कायदा लागला त्या उन्हाळ्यात. रस्त्यावर पांढरी टोपी दिसली की शिपाई अडवत होते आणि हॅट दिसली की गावातले लोक तोंड फिरवत होते. साहेबांचा दूधवाला यायचा बंद झाला. क्लबानंही त्या वेळी त्यांची आठवण काढली नाही. मी चोरून दूध घेऊन गेलो तेव्हा ते पुस्तक चाळत होते. कॅप्टन एडमंड थॉर्नल, सोलापूर येथे अविवाहित वारले, एवढंच तिथं छापलं होतं. त्याच्या खाली कोरा कागद. साहेबांनी पुस्तक मिटून पुठ्ठ्यावर हातोडी टेकवली आणि बांधणी झकास हाय म्हणाले.

मेबलचं पत्र आलं नाही. त्या नाताळात नाही, पुढच्याही नाही. चुना लावलेल्या खोलीत साहेबांनी कोंबड्यांचं खाद्य ठेवायला सुरुवात केली. पण थंडी पडली की ते मुंबईकडची मेल यायच्या वेळी स्टेशनावर जात. फलाटाच्या टोकाला उभे राहून रुळाचे जोड ठोकत. गाडी आली की उतरणारी माणसं संपेपर्यंत थांबत, मग हातोडी खिशात टाकून घरी येत. स्टेशनातले लोक म्हणायचे की म्हाताऱ्याची सवय जात नाही. मी त्यांना काही सांगायला गेलो नाही. कधी कधी मी त्यांच्याबरोबर परत यायचो. वाटेत आम्ही कलिंगडांविषयी बोलत असू.

ती दुसरी प्रत त्यांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावली होती. दर सुगीला सिद्राम यायचा. साहेब टाय बांधून 'हाय' म्हणायचे, आणि तो हिवाप्पापासून खाली उतरत साहेबांपाशी थांबायचा. मधे अव्वा घे, म्हणून साहेबांनी त्याच्यामागं लकडा लावला. रीत नाही, रीत नाही, असं दोन वर्षं म्हणून शेवटी सिद्रामनंच पळवाट काढली. अव्वा हे काही कुणा बाईचं नाव नव्हे, तेव्हा ते घेतल्यानं रीत मोडत नाही. साहेब त्या दिवशी खुशीत होते. त्यांनी बैलालाही कलिंगड कापून घातलं.

साहेब गेले ते श्रावणात. सकाळी कोंबड्या सोडल्या नव्हत्या म्हणून शेजारच्यानं दार लोटलं. खुर्चीत बसलेले होते, अंगात कोट होता. पाद्रीबाबानं चार शब्द वाचले. क्लबातून कुणी आलं नाही. जेऊरच्या गँगची माणसं मात्र आली, मुकादमासकट, आणि कबरीत उतरवताना पेटी त्यांनीच धरली. मी मेबलला मैत्रिणीच्या पत्त्यावर लिहिलं. उत्तर आलं नाही. नंतर मला वाटलं, ज्याच्या मरणाची बातमी घरात आधीच सांगून झाली आहे, त्याच्या मरणाची बातमी ती बिचारी कुणाला सांगणार? तिचा मला राग आला होता तो त्यानंतर ओसरला. एकटीच कुठंतरी आडोशाला बसून रडली असेल, किंवा तेवढीही सोय तिला नसेल.

सुगी झाली. मालकाला बंगला दुसऱ्याला द्यायचा होता, त्यानं मला उरलंसुरलं घेऊन जा म्हणून सांगितलं. मी गेलो. हातोडी मी आधीच आणली होती, ती खिशात होती. भिंतीवरची वंशवृक्षाची चौकट काढली, काखेत धरली, आणि बाहेर येऊन कुलूप लावणार तेवढ्यात घंटा ऐकू आली. सिद्राम बैलावर बसून फाटकातून आत येत होता. त्याला काही ठाऊक नसणार. मला पाहून त्यानं ओळखीचं हसू केलं. मग काम सुरू करताना करायचा तसा चेहरा सरळ करून त्यानं हाक दिली.

"थॉर्नलच्या घरचं कुनी हाय का?"

साहेब गेले, एवढंच सांगायचं होतं. ते ऐकून तो बैल वळवणार, आणि त्यानंतर ते नाव कुणाच्याच तोंडी येणार नाही, हे मला माहीत होतं. माझं घर कोणतं, माझा बाप कोण, माझ्या पिढ्या कोणत्या, हे त्या माणसाइतकं दुसऱ्या कुणालाच पाठ नव्हतं. त्याच्यापाशी खोटं चालणार नाही हेही मला कळत होतं. मी उघड्या दाराच्या उंबऱ्यात मागं सरून उभा राहिलो.

"हाय," मी म्हटलं.

सिद्राम माझ्याकडं पाहत राहिला, मग माझ्या काखेतल्या चौकटीकडं. बैलानं मान हलवली तशी घंटा वाजली. त्यानं कासरा ढिला सोडला आणि तो खाली उतरला.